बोर्डाखालचं टेबल

भावना केणे भिवंडीजवळच्या अंजूरच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. आलेला माल, गेलेला माल, गाडीचा नंबर, हे तिचं रोजचं काम. रविवारी मात्र ती कबड्डीच्या स्पर्धांना गुण लिहायला जाते. गुणलेखकाची परीक्षा तिनं लग्नाआधीच दिली होती. आसपासच्या गावांत हे काम करणाऱ्या बायका फारशा नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं, बाई मोठी धीट. हजारभर पुरुष ओरडत असतात आणि ही मधोमध खुर्ची टाकून शांत बसलेली असते.

ती शांत नसते. ती घाबरलेली असते. तिचे वडील जुने पंच. शाळेत असताना ती त्यांच्याबरोबर एका सामन्याला गेली होती. रेषेवर पाय पडला की नाही यावरून भांडण पेटलं, खुर्च्या उडाल्या, आणि वडील एका टेम्पोखाली सरपटत गेलेले तिनं पाहिले. घरी येताना ते फाटलेल्या शर्टाकडे बघून हसत होते. तिला हसू आलं नाही. तेव्हापासून मैदानावरचा आवाज जरा चढला की तिची नजर आधी बाहेर पडायची वाट शोधते. तरी ती जाते. कबड्डी खेळताना गुडघा गेला नसता तर ती आजही खेळली असती, आणि खेळाच्या जवळ राहायचं तर तिला एवढी एकच जागा उरली आहे.

गेल्या फेब्रुवारीत शेलार गावाच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर जय गावदेवी मंडळाची स्पर्धा होती. मंडळाचे अध्यक्ष दामूशेठ यांनी कुठल्या तरी बंद पडलेल्या स्टेडियममधून इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड आणला होता. लोखंडी चौकटीत डावीकडे एक आकडा, उजवीकडे एक, मधे घड्याळ. रिमोट हरवलेला. सोबत बोर्ड चालवायच्या प्रोग्रामचा एक पेन ड्राइव्ह आणि दोन तारांची केबल.

"तू कॉम्प्युटरवाली हायस ना? लावून दे," दामूशेठ म्हणाले.

"असला बोर्ड मी कधी लावला नाही, काका."

"मंग आज लाव. फायनल बोर्डावरच व्हायला पायजे. पाहुणे बोलावलेत."

सकाळचे सामने पाटीवर खडूनं आकडे लिहून झाले. भावना दोन सामन्यांच्या मधे बोर्डाशी झटत होती. मंडळाच्या लॅपटॉपला त्या केबलची जुन्या पद्धतीची खाचच नव्हती, म्हणून भिवंडीहून एक कन्व्हर्टर मागवला. तो लावल्यावर प्रोग्राम एका पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या एका नंबरावर, बोर्ड शोधत होता आणि लॅपटॉपनं कन्व्हर्टरला दिला होता भलताच पोर्ट. तो जुळवला, तरी बोर्ड काळाच. शेवटी तिनं केबलच्या दोन तारा उलटसुलट करून बघितल्या. बोर्डावर सगळीकडे आठ-आठ-आठ पेटले. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मग डावीकडे आणि उजवीकडे एकच आकडा यायला लागला. मागचं झाकण उघडून तिनं बघितलं, तर दोन्ही बाजूंच्या बारक्या खटक्यांवर एकच नंबर लावलेला होता. तिनं एक खटका बदलला आणि दोन्ही आकडे वेगळे झाले. संघांची नावं बोर्डावर उमटत होती, पण उन्हात दिसत नव्हती. म्हणून दामूशेठनी कापडी पट्ट्या बांधून घेतल्या, डावीकडे 'गावदेवी', उजवीकडे पाहुण्यांचं 'नवतरुण'.

केबल आखूड होती, म्हणून टेबल बोर्डाच्या बरोबर खाली ठेवावं लागलं. तिथून बोर्ड दिसत नव्हता. भावनाला दिसत होता फक्त लॅपटॉप.

प्रोग्रामच्या एका कोपऱ्यात इंग्रजीत 'ऑटो चेंज' लिहिलेलं होतं आणि शेजारच्या चौकोनात बरोबरची खूण होती. ती कशाची, हे तिला कळलं नाही. काढून बघावं असं मनात आलं, पण हात मागे घेतला. मुश्किलीनं चालू झालंय. काही बिघडलं तर दामूशेठ सगळ्यांसमोर बोलतील. राहू दे.

दुपारी चारला फायनल सुरू झाली. पहिला डाव नीट गेला. मुख्य पंच दत्तोपंत, भिवंडीचे निवृत्त शिक्षक, हातवारे करून गुण सांगत होते, ती कळ दाबत होती आणि वर आकडा बदलत होता. डाव संपताना नवतरुणनं गावदेवीवर लोण चढवला. सगळा संघ बाद. गावदेवी बारा, नवतरुण सतरा.

मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. लोक वडापाव संपवून जागेवर आले, आणि भावनाला काहीतरी वेगळं जाणवलं. घरचा संघ पाचनं मागे होता, पण गावदेवीचे लोक हसत होते. त्यांचा कप्तान जीवन रेंगाळत चढाई करत होता, रेषेपर्यंत जाऊन काही न करता परत येत होता. मागे असलेला संघ असा खेळत नाही.

मग नवतरुणच्या चढाईत गावदेवीचा एक गडी बाद झाला. तिनं नवतरुणला गुण दिला, आणि समोरून पाहुण्यांचा आरडाओरडा उठला.

"अरे, आमचा पॉइंट त्यांना का दिला?"

"ओ बाई, क्या कर रही है?"

पाच-सात जण दोरी ओलांडून टेबलाकडे आले. तिनं स्क्रीन बघितली. नवतरुण अठरा. "बरोबर आहे," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. एकानं टेबलावर हात आपटला आणि वर बोट दाखवलं. "मानेला काय झालंय? वर बघ ना."

ती उठली, चार पावलं मैदानात गेली आणि वळून पाहिलं.

'गावदेवी' पट्टीवर अठरा. 'नवतरुण' पट्टीवर बारा.

 ती खूण कशाची होती ते आता कळलं. मध्यंतर झालं की संघ बाजू बदलतात, म्हणून प्रोग्रामनं आपोआप आकड्यांच्याही बाजू बदलल्या होत्या. कापडाच्या पट्ट्या मात्र होत्या तिथेच होत्या. मध्यंतराआधीचे आकडे कुणी मनात ठेवले नव्हते; सगळे, खेळाडूसुद्धा, बोर्डावरच विसंबून होते.

दुरुस्त करायला एक कळ पुरे होती. पण ती दाबल्याबरोबर समोरच्या हजार लोकांना काय दिसणार, तेही तिला दिसत होतं. सहानं पुढे असलेला त्यांचा संघ लॅपटॉपवर बसलेल्या बाईच्या एका बोटानं सहानं मागे. आणि नाही दाबली, तर हे पाच-सात जण टेबलाशी उभे होतेच. शाळेच्या आवाराला फाटक एकच, आणि तेही गावदेवीच्या माणसांच्या मागे होतं. क्षणभर तिला वाटलं, लॅपटॉपची वायर ओढावी आणि सांगावं, लाइट गेली.

ती दत्तोपंतांकडे गेली. "सर, सामना थांबवा. बोर्ड उलटा दाखवतोय. दुसरा डाव सुरू झाल्यापासून."

दत्तोपंतांनी शिट्टी मारली. सगळं ऐकून घेतलं. त्यांचाही चेहरा उतरला. "कळ दाबू नकोस अजून," ते हळूच म्हणाले. "आधी सांगायचं, मग बदलायचं. आधी बदललंस तर आपण दोघं इथून धड जात नाही."

"तुम्ही सांगाल?"

"सांगतो. पण बोर्ड तू लावलायस, लोक तुलाच विचारणार."

ते माइकवर बोलले, पण आवाजात कुणाला काही कळलं नाही. मग माइक तिच्या हातात आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"बोर्डावरचे आकडे उलटे आहेत," ती म्हणाली. "नवतरुण अठरा, गावदेवी बारा. पंचांचे गुण बरोबर आहेत. चूक बोर्ड लावण्यात झाली. ती माझी आहे."

 मग दोरी तुटली. "कॉम्प्युटरवर गेम केला!" कुणीतरी ओरडलं. प्लॅस्टिकची एक खुर्ची तिच्या डोक्यावरून गेली आणि बोर्डावर आदळली. टेबल कलंडलं. लॅपटॉप पडायच्या आत तिनं छातीशी धरला आणि तशीच खाली बसली. चारी बाजूंनी पाय दिसत होते.

त्यातले दोन पाय मातीनं माखलेले, अनवाणी. जीवन होता. तो खाली वाकला. चेहरा रागानं लाल.

"खरं सांग ताई. किती मागं हाव आमी?"

"सहा."

"टाइम?"

तिनं स्क्रीन उघडून बघितली. "बारा मिनिटं."

"आमी पुढं हाव म्हणून मी टाइमपास करीत व्हतो. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

 ती मारच खायच्या तयारीत होती. मग तो उठला आणि आपल्याच लोकांना हातानं मागे रेटू लागला. "बारा मिन्टं हायेत. बाजूला व्हा. खेळू द्या आमाला. न्हायतर ती बी जातील."

सामना पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. भावनानं ती खूण काढली, आकडे जागेवर आणले आणि उरलेला खेळ टेबलाच्या बाजूला उभं राहून, सारखी मान वर करून पार पाडला. डाव्या आकड्याची एक कांडी खुर्चीनं विझली होती, त्यामुळे आठचा सहा दिसत होता. प्रत्येक गुणाला तिनं आकडा तोंडानंही ओरडून सांगितला. गावदेवी जिद्दीनं खेळली आणि दोन गुणांनी हरली.

त्यानंतर ती शाळेच्या एका वर्गात बसून राहिली. दाराला आतून कडी. बाहेर कुणी पत्र्याच्या दारावर थाप मारली की ती भिंतीकडे सरकायची. नवरा मनोज मोटरसायकल घेऊन आला, तोपर्यंत दिवे लागले होते. निघताना दामूशेठ एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळेला नको येऊस." वाटेत मागून गाडीचा उजेड पडला की ती मनोजचा शर्ट घट्ट धरायची. शेवटी त्यानं विचारलं, "सोडून का देत नाहीस हे?" 

गोदामात पुढचे काही दिवस फाटकाशी मोटरसायकल थांबली की तिच्या नोंदी चुकायच्या. आणि एका दुपारी खरोखरच जीवन येऊन उभा राहिला. वॉचमननं नाव सांगितलं. ती बाहेर गेली, पण फाटकाच्या आतच थांबली.

"पोरींच्या स्पर्धा हायेत आमच्या," तो म्हणाला. "बोर्ड दुरुस्त केलाय. चालू कराया कुणालाच जमत न्हाय."

"दामूकाकांनी नको म्हटलंय मला."

"त्यांनीच धाडलंय."

"आणि लोक?"

"लोकांचं मी काय सांगू? रागात हायेत अजून. मी बी हाय. पन त्या दिवशी तू गप ऱ्हायली असतीस तर कुणाला कळलं असतं? आमी टाइमपासच्या नादात मोठ्या फरकानं हरलो असतो."

 त्याच संध्याकाळी त्याला फोन करून तिनं अटी सांगितल्या. केबल लांब आणा. टेबल बोर्डाच्या समोर. कापडी पट्ट्या नकोत, वर मांडव घाला म्हणजे नावं बोर्डावरच वाचता येतील. आणि पहिल्या सामन्याआधी दोन्ही कप्तानांना बोलावून बाजू बदलून दाखवायची.

ती गेली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. तिनं तारा जोडल्या, पोर्ट जुळवला, आठ-आठ-आठ पेटवले. दोन्ही संघांच्या कप्तान मुली तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. दोरीपलीकडे तेच लोक बसले होते, तिच्याकडे बघत. त्यातल्या एकानं काहीतरी म्हटलं आणि शेजारचे हसले. तिनं मान वळवली नाही. बाजू बदलायची कळ दाबली, आणि तिघी मिळून बोर्डाकडे बघत राहिल्या.