टिचकीमावशी

पॉलिहाऊसमध्ये टोमॅटोची झाडं वरच्या तारेला सुतळीने बांधलेली असतात. सकाळी दहाच्या सुमारास, फुलांवरचा ओलावा उडाला की मावशी ओळीत शिरायची आणि प्रत्येक सुतळीवर मधल्या बोटाने एक टिचकी मारायची. झाड शहारायचं, पराग झडायचे. "आत वारं न्हाई, मधमाशी न्हाई. मग फुलाला उठवनार कोन?" हे तिचं म्हणणं. तिच्या ओळींत फूल गळत नसे. म्हणून ती टिचकीमावशी.

पेडगावच्या शिवारात आम्ही पॉलिहाऊस उभारलं तेव्हा मी प्रशिक्षण घेऊन, वही भरून आले होते. मावशीला अक्षरओळख नव्हती. पहिल्याच बहाराला फळांची बुडं काळी पडू लागली. मी वहीत औषध शोधत होते. तिने एक फळ उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "एक दिस धो धो पानी, दोन दिस कोरडं. लेकराला तरी असं पाजता का, ताई?" मी ठिबक रोज थोडं थोडं सोडू लागले. पुढे फळं स्वच्छ निघाली. श्रेय मी वहीला दिलं.

तिला मिश्रीची सवय होती. पत्र्याची चपटी डबी कमरेला खोचलेली असायची. तंबाखूच्या हातांनी टोमॅटोवर रोग येतो, हे मी तिला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. तेव्हापासून ती बाहेरच दात घासायची, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच आत यायची. मी हे रोज पाहत होते.

आणखी एक गोष्ट ती रोज सांगायची. "ताई, मागच्या कोपऱ्यात जाळी फाटलीय. पांढरी माशी आत यायलीय." मी म्हणायची, बघू. पाहुणे पॉलिहाऊस बघायला यायचे तेव्हा फोटोत उजेड यावा म्हणून मीच दोन्ही दारं उघडी ठेवायची.

मग शेंडे पिवळे पडले, पानं वाटीसारखी वळली. औषधाच्या दुकानातला सल्लागार आला. त्याने झाडांपेक्षा कामावरच्या बायांकडे जास्त पाहिलं आणि विचारलं, "तंबाखू कोण खातं?" मी चार बायांदेखत मावशीच्या कमरेची डबी काढून घेतली. उद्यापासून येऊ नका म्हणाले. ती एवढंच बोलली, "हात धुताना तुमीच बघता की, ताई." मी डबी औषधांच्या फळीवर ठेवून दिली.

मावशी गेली, रोग वाढतच राहिला. शेवटी मी पानं तपासणीला पाठवली. अहवाल आला: पांढऱ्या माशीने पसरवलेला रोग, तंबाखूचा संबंध नाही. तोवर गावातल्या दुसऱ्या पॉलिहाऊसवाल्यांनीही तिला दारातून परत पाठवलं होतं. ती पोखर्णीला लेकीकडे राहून कापूस वेचत होती.

मी तिथे गेले. म्हणाले, "मावशी, चूक झाली. कामाला या." तिने चहा दिला आणि विचारलं, "डबी आनली का?" मी आणली नव्हती. लगेच पाठवते म्हणाले. "पाठवू नका. चार बायांत घेतली, चार बायांतच द्या. मग येते."

अवघड काहीच नव्हतं. त्या चौघी रोज माझ्यासमोर काम करत होत्या. पण आज फळांचा तोडा, उद्या फवारणी, परवा पाहुणे असं करत मी महिना काढला. डबी औषधांच्या फळीवर तशीच होती.

एका सकाळी लेकीचा फोन आला. मावशी रात्री झोपेतच गेली होती.

त्या दिवशी मी डबी हातात घेऊन बायांना गोळा केलं आणि सगळं सांगितलं. रोग मावशीमुळे नव्हता, फाटक्या जाळीमुळे होता, माझ्यामुळे होता. ऐकता ऐकता त्या पुन्हा झाडांकडे वळल्या. पानांच्या बगलेतली जादा फूट खुडता खुडता त्यांच्यातली एक म्हणाली, "आमाला तवाच म्हाईत व्हतं, ताई. तुमी कधी सांगता, तेच बघत व्हतो."