भावाच्या अर्जावरचा नकार

नेरे गावात यशवंत गायकवाडांकडे कोणी कोयता मागायला गेले की ते विचारत, "काय तोडणार?" उत्तर ऐकून कोयता देत आणि संध्याकाळी त्या बांधावर जाऊन काय तोडले ते पाहून येत. लोक हसत. गायकवाड म्हणत, "द्यायचं, पण बघायला जायचं."

त्यांची सारी नोकरी दिल्लीत झाली. परदेशी जाणाऱ्या यंत्रसामग्रीचे अर्ज ते तपासत. दवाखान्यात लागणारा एखादा पंप अण्वस्त्रांच्या कामातही चालतो. असा माल नको त्या देशाच्या हाती पडू नये, हे पाहणे त्यांचे काम. निवृत्त होऊन ते गावी आले. मी परराष्ट्र व्यवहाराच्या बातम्या करत असे, त्यामुळे शंका आली की त्यांच्याकडे जायचो.

एकदा आम्ही टपरीवर बसलो होतो. टीव्हीवर कुठल्याशा अणुकेंद्रावरच्या हल्ल्याची दृश्ये चालू होती. टपरीवाला खूश झाला. "उडवलं! मिटला इषय, साहेब."

"इमारत उडाली," गायकवाड म्हणाले. "ती बांधणारी डोकी कुटं उडाली? आन् आता आत बघायला बी कोण सोडणार न्हाई."

शेजारी त्यांचे धाकटे भाऊ संपत होते. ते मला म्हणाले, "आमचा दादा लई कडक. माझाच माल अडवला ह्यानं. सख्खा भाऊ बघितला न्हाई. देश म्हंजे देश!" संपतचा पंपांचा छोटा कारखाना होता. परदेशातून आलेली एकमेव मोठी मागणी दादांच्या टेबलावर नाकारली गेली आणि कारखाना बंद पडला. पुढे ते दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागले. ही हकिगत ते अभिमानाने सांगत. ती सुरू झाली की गायकवाड उठून जात. मला तो विनय वाटे.

संपत वारले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काही दिवसांनी मी त्या नकारावर लिहिण्याची परवानगी मागितली.

"मी हाय तवर लिहू नका," गायकवाड म्हणाले. "असा अर्ज आला की मी तिथल्या आपल्या वकिलातीला कळवायचो, पंप कुटं बसवणार ते जाऊन बघा. बघून आले की मग हो नायतर न्हाई. संपतचा अर्ज मी एका दिवसात फेटाळला."

"का?"

"खाली गायकवाड लिहिलं हुतं. भावाला सवलत दिली म्हणतील, ह्याची भीती. फाईल दुसऱ्याकडं द्यायची, तर मीच निकाली काढली."

"पंप कशासाठी हवे होते?"

"कोण बघायला गेलंय? दवाखान्याला बी असतील."

संपतना हे सांगितले होते का, असे मी विचारले.

"दोनदा गेलो. दोन्ही येळा पाहुणे बसलेले, आन् हा त्यांना माझं कौतुक सांगतोय. कारखाना देशासाठी गेला, एवढंच त्याच्यापाशी उरलं हुतं. ते बी काढून घेऊ?"

यंदा गायकवाड गेले. शोकसभेत तीन वक्त्यांनी त्या नकाराचा गौरव केला. चौथा मी होतो. मीही तेच बोललो.