हत्तीचं पिल्लू आणि दरी

पिंपळगावच्या सकाळच्या बसमध्ये एक काका रोज माझ्या शेजारी बसायचे. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये घडातले खराब मणी कातरायचं त्यांचं काम, त्यामुळे अंगठ्याला कायम चिकटपट्टी. बसल्या बसल्या फोन काढून हत्तीच्या पिल्लाचा गेम लावायचे. त्या पिल्लाचा कार्टून सिनेमा मध्यंतरी घरोघरी चालला होता. पिल्लू धावायचं, माकडांना सोंडेनं झोडपायचं आणि दर वेळी त्याच दरीत पडायचं. मला चीड यायची. पन्नाशीचा माणूस, आणि एक उडी जमू नये!

एकदा राहवलं नाही. म्हटलं, "द्या काका, मी पार करून देतो."

त्यांनी फोन छातीशी धरला. "नको. पोरीचा गेम हे. ती इथवरच आली व्हती, मग दवाखान्यात न्यावं लागलं. परत काय आली नाय."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. ते म्हणाले, "दरीपल्याड तिनं कुठं बघितलंय? मी एकटा जाऊन काय करू?"

त्यांनी गेम पुन्हा सुरू केला. या वेळी मी नीट पाहिलं. अंगठा कुठेच अडखळला नाही. दरी आली, आणि त्यांनी अंगठा स्क्रीनवरून अलगद उचलून घेतला.