काहिलीतला रोहू

"फंगस झालंय," दूध सोसायटीत जनावरं तपासायला येणारे डॉक्टर हौदावर वाकून म्हणाले. फंगस म्हणजे बुरशी. शिळ्या भाकरीवर धरते तशी पांढरी बुरशी आमच्या रोहूच्या पाठीवरच्या जखमेत धरली होती. "पण बाई, मी गायीम्हशींचा डॉक्टर. माशाची नाडी कुठं बघू?"

सगळे हसले. मला संताप आला.

बहात्तरचा दुष्काळ होता. बेंबळीच्या बाजूला आमचं गाव, मी तिथं बालवाडीची बाई. आमच्या बौद्ध वस्तीची विहीर आटली, ती खोल करायचं काम निघालं. तळाच्या डबक्यात उरलेले दोन मासे, एक रोहू आणि एक मरळ, आम्ही सिमेंटच्या हौदात आणून ठेवले. विहिरीत वर्षानुवर्षं नांदलेल्या या जोडीचं हौदात आल्याबरोबर बिनसलं. मरळीनं रोहूची शेपटी कुरतडली, पाठीचे खवले ओरबाडले.

माशासाठी एवढा आटापिटा कशाला, असं तुम्हालाही वाटेल. ही विहीर वस्तीनं स्वतः खणली. त्याआधी गावच्या विहिरीवर कुणाला दया येईल तेव्हा आमची घागर भरायची. पाणी लागलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी आधी हा रोहू सोडला. तो जगला, मग माणसं प्याली.

"त्यो मेला तर नव्या पाण्यात काय सोडू?" मामंजी एवढंच म्हणाले आणि हौदाजवळून उठेनात.

डॉक्टर पुढं मनापासून बोलले. आजारी जीव आधी वेगळा करा. पाण्यात खडेमीठ घाला. पाणी रोज थोडं बदला, पण टँकरचं तसंच ओतू नका. त्यात टीसीएल असतं, म्हणजे पाणी शुद्ध करायची पूड. माणसाला औषध, माशाला विष. बादली दिवसभर उन्हात उघडी ठेवा, मग वापरा.

वेगळा करा म्हणजे कशात? घरात घागर-बादलीखेरीज मोठं भांडं नाही. शेवटी मामंजी गुऱ्हाळवाल्या आबारावांकडं गेले. उसाचा पत्ता नव्हता, गूळ शिजवायची त्यांची भलीमोठी काहिल पालथी पडली होती. आबारावांचा जीव वरखाली.

"उद्या गुळाला वास आला तर कोन घेईल?"

"आदी ऊस तर यिऊ द्या, आबा," मामंजी म्हणाले.

काहिल मिळाली, रोहू तिच्यात सोडला. पण खरी परीक्षा बादलीची होती. टँकरवर बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या आणि मी भरलेली बादली अंगणात उन्हाला मांडून ठेवत होते. येणारीजाणारी प्रत्येक बाई बोलून जायची. काही बायका पुण्य म्हणून कणकेच्या गोळ्या टाकायच्या. रोहू तोंड लावत नसे, कणीक कुजून पाणी नासायचं. नको म्हटलं तर वर मलाच, "तुला लई कळतं!"

एके दिवशी बालवाडीतून आले तर बादली रिकामी. शेजारच्या सखूनं उचलून वासराला पाजली होती. मी अंगणात उभी राहून तिला नाही नाही ते बोलले. ती उलटून बोलली नाही. त्या दिवशी पाणी बदलता आलं नाही, रोहू कुशीवर कलला आणि मी रडले. सखूशी बोलणं तोडलं.

आजारपणात सगळ्यात वाईट असतं ते वाट बघणं. रोज वाकून बघायचं, रोज तेच पांढरं. काहिलीतलं जुनं पाणी भिंती सारवायला जायचं, घर लखलखीत झालं, मासा तसाच. मग एका सकाळी बुरशीचा पापुद्रा सुटून पाण्यावर तरंगताना दिसला. खाली कोवळी, गुलाबी कातडी होती. मी मामंजींना ओरडून हाक मारली.

विहिरीला पाणी लागलं. रोहूला ओल्या लुगड्यात धरून न्यायचं ठरलं. एकटीला झेपेना. सखू पुढं झाली आणि तिनं दुसरं टोक धरलं. रोहू पाण्यात पडला, पाठीचा वण दिसला आणि खाली गेला. वस्तीनं घागरी भरल्या.

मी घरी निघाले. मामंजींनी हौदाकडं बोट दाखवलं. "मरळ राह्यली."

"तिला कशाला? तिनंच केलंय ना हे!"

"हौद ल्हान हुता, पोरी. इहिरीत कवा चावली व्हती?"

सखू माझ्या मागंच होती.

"बादली नेली तवा वासरू उठत न्हवतं," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत मी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, "उठलं का मग?"

"न्हाय."

लुगडं अजून ओलंच होतं. एक टोक तिनं धरलं, एक मी धरलं, आणि आम्ही मरळ आणायला गेलो.