नवमीला काढलेली गाडी

आता अंबडच्या बाजारात माझी बॅटरीची गाडी सगळ्यांना पाठ झाली आहे. भाजीवाली लांबूनच मेथीची जुडी वर धरते आणि मी लांबूनच नाही म्हणून मान हलवते, कारण पिवळी पानं आत दाबायची तिची खोड मला ठाऊक आहे. दोन वर्षं आमच्या ह्यांनी आणलेली भाजी मी मुकाट्यानं खाल्ली. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला ह्यांचा. गाडीतली माणसं बराबर मोजतील, पण कोवळी भेंडी कशाशी खातात ते माहीत न्हाई. आता भाजी मी आणते. औषधं मी आणते. मधल्या सुट्टीत माझ्या जुन्या शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं गाडी लावून पोरांची भांडणं ऐकते. यात मोठं असं काहीच नाही. पण कुणाला "जरा नेता का हो" असं न म्हणता घराबाहेर पडायचं, याची चव ज्याची गेली त्यालाच कळते.

लोकांना वाटतं, ही गाडी आम्ही दसऱ्याला पूजा करून बाहेर काढली. आमचे हे तसंच सांगत फिरतात. साफ खोटं आहे. ती मी पितृपंधरवड्यात काढली, तीही नवमीला, माझ्या सासूबाईंच्या तिथीला, गच्चीवर कावळ्याचा घास ठेवलेला असताना.

त्याआधी दोन वर्षं मी घरात होते. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, घरातल्या घरात फिरणं जमलं. पण दाराबाहेर दहा पावलांत सगळं बळ संपायचं. दवाखान्यात जायचं म्हणजे शेजारच्या दोघांना हाका मारायच्या आणि त्यांनी मला खुर्चीसकट उचलून रिक्षात ठेवायचं. माणसं गुणी हो, हसत यायची. पण जन्मभर वर्गात "सरळ बसा रे" म्हणून ओरडलेली मी, पोत्यासारखी उचलली जायची तेव्हा डोळे गच्च मिटून घ्यायची. फार लाज वाटायची. रागही यायचा, आणि तो घरी आल्यावर बिचाऱ्या ह्यांच्यावर निघायचा.

या दोन वर्षांत माझी भाभीशी भेट झाली नाही. भाभी म्हणजे बाजारगल्लीतल्या मारवाडी कापडदुकानदाराच्या घरची. तिच्या मुलाला मी पहिलीत शिकवलं, तेव्हापासूनची मैत्री. ती मला बाई म्हणते, मी तिला भाभी. आमच्यात एक स्टीलची वाटी फिरायची. वाटी तिची, तिच्या घरचं नाव कोरलेली, काठाला पोचा आलेली. तिच्याकडून गट्ट्याची भाजी यायची, माझ्याकडून ठेचा जायचा. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही हा आपला रिवाज, त्यामुळे ती वाटी कुठल्याच घरी चार दिवस टिकली नाही. मी पडले त्याच सुमाराला भाभीचे गुडघे गेले आणि दम लागायला लागला. ती दुकानाच्या वरच्या मजल्यावर अडकली, मी इथं. मध्ये जेमतेम तीन गल्ल्या. फोन करायचो, पण भाभी फोनवर बोलत नाही, नुसती ओरडते. फिरायची ती वाटी, आमच्या ह्यांच्या पिशवीतून.

आणि मग माझ्या मुलानं संभाजीनगरहून ही गाडी पाठवली. चाकं, गुबगुबीत खुर्ची, पुढं जाळीची टोपली. वेगाच्या बटणाला एकीकडं कासवाचं चित्र, दुसरीकडं सशाचं. मी अंगणात एक गिरकी घेतली आणि पोरीसारखी खिदळले. तेवढ्यात ह्यांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"पंधरवड्यात नवी वस्तू वापरत न्हाईत. घट बसू दे, पूजा करू, मंग फिर गावभर."

"अहो, मी काय वरात काढून राह्यले का?"

"रिवाज तो रिवाज," असं म्हणून ह्यांनी गाडीवर जुनी चादर टाकली. चार दिवस मी त्या चादरीकडं बघत बसले आणि चार दिवस ह्यांना चहा जरा कमी साखरेचा मिळाला.

अष्टमीला वाटी आली. लिंबाचं लोणचं होतं. वाटी माझ्या हातात देऊन हे घुटमळले.

"भाभीला पोरगा पुण्याला घेऊन चालला. कायमचंच. उद्या बाराला निघतेत."

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "मला उद्या जायचंय."

"उद्या आईची तिथी. गाडी तर बिलकुल न्हाई. रिक्षा बोलावतो."

"उद्या बाजार. रिक्षा गल्लीत शिरते का? मंग काय, भर बाजारातून खुर्चीवर उचलून नेता मला? त्यापरीस न गेलेली बरी." एवढं बोलून मला रडू फुटलं.

नवमीला खीर, वडे, कढी, सगळं मी स्टुलावर बसून केलं. साडेदहाला हे पान घेऊन गच्चीवर गेले. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. पण कावळा येईना. "काव काव" करून ह्यांचा घसा बसला. कावळा येत नाही म्हणजे गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलंय असं मानतात आणि मग त्याला वचनं देतात. हे सुरू झाले. आई, तुझ्या माहेरी जाऊन येतो. आई, देवीची ओटी भरतो. अकरा वाजून गेले. माझा धीर सुटला. खालूनच ओरडले, "सुनेला जाऊ देतो म्हणा त्यांना!"

मग अंगणात खणकन काहीतरी पडलं. गाडीची किल्ली होती.

मला वाकता येत नाही. सांडशीनं किल्ली उचलली, चादर ओढून फेकली. वाटी रिकामी कशी न्यायची? सगळा स्वयंपाक श्राद्धाचा, तो कावळ्याआधी कुणाला देता येत नाही. डब्यातला गुळाचा खडा टाकला वाटीत, वाटी टोपलीत ठेवली आणि निघाले. बाजारात एक ओळखीचे गृहस्थ धावत आले आणि मागून ढकलायला लागले. आपल्याकडं चाकावर बसलेलं म्हातारं माणूस दिसलं की ढकललंच पाहिजे. "अहो सोडा, मोटर आहे तिला!" मी म्हणाले आणि बटण सशाकडं फिरवलं. गृहस्थ मागं राहिले.

दुकानाशी पोचले तर दोन हमाल जिन्यावरून खुर्ची उतरवत होते. खुर्चीत भाभी. निम्मी झाली होती वाळून. डोळे गच्च मिटलेले. ते मिटणं मी लगेच ओळखलं. तिच्या मुलाची मोटार बाजारामुळं लांब चौकात उभी होती आणि तिथपर्यंत तिला असंच, सगळ्या गल्लीदेखत उचलून न्यायचं ठरलं होतं.

"भाभी," मी हाक मारली.

तिनं डोळे उघडले. "बाई! तुम्ही? कुणी आणलं तुम्हाला?"

"मीच आले. चालवत."

ती माझ्याकडं, गाडीकडं, परत माझ्याकडं बघत राहिली. किती बोलायचं होतं मला! दोन वर्षांचं साठवून ठेवलं होतं. पण मुलगा म्हणाला, "चलो मम्मी, लेट हो रहा है," आणि हमालांनी खुर्चीला परत हात घातला. भाभीनं परत डोळे मिटले.

"खाली ठेवा तिला," मी माझ्या शाळेतल्या आवाजात म्हणाले. हमाल थांबले. मी शटर धरून उठले, दुकानाच्या पायरीवर टेकले. "बसा भाभी गाडीवर. हा खटका दाबला की चालते, सोडला की थांबते. कासवावर ठेवलीय, भ्यायचं न्हाई."

तेवढ्यात आमचे हे धापा टाकत आले.

"शिवला का कावळा?" मी विचारलं.

"कोण जाणे. मी थांबलोच न्हाई."

ह्यांनी भाभीला बसवलं आणि बाजूनं चालू लागले, "सरका, साइड द्या," करत. भाभीनं पदर नीट केला. खटका दाबला. ज्या गल्लीत ती नवरी म्हणून आली होती, त्या गल्लीतून ती ताठ बसून निघाली. दुकानदार उठून उभे राहिले. ती एकेकाला हात जोडत गेली. मागं वळून बघणं तिला जमलं नाही, फक्त एक हात वर केला. मी पायरीवर बसून मोठ्यानं रडले. दोन वर्षांनी भेट झाली आणि बोलणं काय झालं, तर खटका कसा दाबायचा!

थोड्या वेळानं हे परत आले, स्वतः गाडीवर बसून, एकदम गंभीर तोंडानं. टोपलीत वाटी होती. वाटीत गुळाचा अर्धा खडा.

"अर्धा तिथंच खाल्ला त्यांनी. मधुमेह आहे म्हणून पोरगा ओरडत राह्यला. म्हणल्या, वाटी रिकामी पाठवत न्हाई. आता आणून द्यायची पाळी बाईंची."

घरी आलो तर गच्चीवरचं पान चाटूनपुसून साफ होतं. ह्यांनी आभाळाकडं हात जोडले. मीही जोडले.

ती वाटी अजून माझ्या टोपलीत असते. परवा ह्यांना विचारलं, "एवढी वर्षं कंडक्टर होता, पुण्याच्या एसटीत ही गाडी चढते का ते सांगा."

"सुटी करून टपावर टाकू की," हे म्हणाले. मग जरा अडखळले. "पण एसटीच्या पायऱ्या उंच. तुला उचलावं लागंल."

"उचला," मी म्हटलं.