जागच्या जागी दोन हजार मीटर

बायकोला घरी आणायला निघालेला नवरा सोबत काय घेतो? साडी, संत्रा बर्फी, अगदीच गरज पडली तर एखादा मध्यस्थ. मी दोन हाफपँटी आणि गुडघ्याचा पट्टा घेतला.

नीलिमा, म्हणजे माझी बायको, बँकेत अधिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी तिची बदली आलापल्लीला झाली. नागपुरात आलापल्ली म्हटलं की लोक आधी "अरेरे" म्हणतात आणि मग ती नक्की कुठे आहे ते विचारतात. मुलगी शिकायला बंगळुरात. मी घरी बसून वर्तमानपत्रांना चिमटे काढणारे लेख पुरवतो. म्हणजे दोन वर्षं आमचं घर मी, एक फ्रीज आणि रोज पोळ्या करून जाणाऱ्या बाई असं चाललं होतं.

दिवाळीनंतर नीलिमाचा फोन आला. वडशाजवळच्या एका गावात मंडईची जत्रा भरते, त्यात यंदा इनडोअर रोइंगची शर्यत आहे, नवरा-बायको किंवा भाऊ-बहीण अशा जोडीची. "माझ्यासोबत उतरतोस?"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: यात नाव नसते, पाणी नसते, किनाराही नसतो. घसरत्या पाटावर बसायचं, पाय पट्ट्यात अडकवायचे आणि साखळीला बांधलेला दांडा पोटाशी ओढायचा. समोर जाळीत एक पंखा घरघरतो आणि छोट्या पडद्यावर तुम्ही किती मीटर गेलात ते दिसतं. जाता कुठेच नाही. आपल्याकडच्या विकासाचा अभ्यास केलेल्याला हे समजायला अजिबात वेळ लागत नाही.

मी हो म्हटलं आणि आमच्या चौकातल्या जिममध्ये नाव घातलं. तिथलं रोइंग मशीन लोक टॉवेल वाळत घालायला वापरत. मी टॉवेल बाजूला करून दोन महिने घाम गाळला. जिमवाल्या मास्तरांचं एकच म्हणणं होतं, "सर, तुम्हाला ओढता येतं, थांबता येत नाही."

निघायच्या आठवड्यात दुसरा फोन आला. तिची दोन वर्षं भरत आली होती. नागपूर हवं की आहे तिथेच राहायचं, हे तिने सोमवारपर्यंत वरच्या ऑफिसला कळवायचं होतं. मी म्हटलं, "यात कळवायचं काय? सामान बांधायला घे."

"शनिवारी शर्यत आहे ना," ती म्हणाली, "ती होऊ दे. मग बोलू."

हे "मग बोलू" घेऊन मी गुरुवारी पहाटे गाडी काढली.

रस्ता सांगतो. नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली. इथवर गाडी चांगली पळते. उमरेडला तर्री-पोहे खा, तीस रुपयांत कानातून वाफ निघते. भिवापूरला वाळत घातलेल्या मिरच्यांजवळ काच खाली करू नका. नागभीडनंतर वाघाच्या पाट्या लागतात. तिथे उतरून सेल्फी काढणाऱ्यांविषयी माझं मत छापण्याजोगं नाही, वाघाचं असेल.

ब्रह्मपुरी सोडून वैनगंगा ओलांडली की आरमोरी. टपरीवर चहा मागितला आणि बॉनेटला टेकून उभ्यानेच प्यायला लागलो. शेजारी धानाची पोती उतरवून दम खात बसलेले एक भाऊ मला वरपासून खालपर्यंत बघत होते.

"कुठी चालले जी?"

"आलापल्लीला."

"ड्युटी हाय?"

"बायकोची आहे. तिला न्यायला चाललोय."

"येतो म्हणते काय बाई?"

मी चहाचा घोट घेतला. तो फार गरम होता.

"बसा न जी," भाऊ म्हणाले, "चहा काई पळून नाई जाऊन राह्यला. बाईबी नाई जात."

गडचिरोलीला पेट्रोल भरून घ्या. पुढे चामोर्शी, आष्टी आणि मग लोहखनिजाच्या ट्रकांची रांग. आष्टी ते आलापल्ली हा रस्ता होता, आहे आणि होणार आहे, असा तिन्ही काळांत एकदम चालतो. पांढरी गाडी नेली होती, पोचेपर्यंत ती विटकरी झाली. ओव्हरटेक करायची घाई मी सात-आठ ठिकाणी केली आणि प्रत्येक वेळी पुढच्या ट्रकच्या मागे लागलो. बुद्धी असलेला माणूस यातून काहीतरी शिकला असता.

आलापल्लीत सागाची झाडं इतकी सरळ उभी असतात की आपण पोक काढून चालतोय याची लाज वाटते. नीलिमा बँकेतून सुटून थेट शबानाच्या दुकानात येणार होती, म्हणून मीही तिथेच गेलो. शबानाचं आणि तिच्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. गावातली एक जिम बंद पडली तेव्हा डंबेल, बेंच सगळं विकलं गेलं. हे मशीन मात्र कुणी घेईना, कारण ते कशासाठी आहे तेच कुणाला कळेना. शेवटी ते शबानाच्या गोदामात आलं. पत्र्याची थप्पी आणि पाइपांचे गठ्ठे यांच्या मधोमध. दीड वर्षापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी नीलिमा आणि शबाना तिथे वल्ही मारतात.

"या जीजाजी!" शबाना म्हणाली. "दीदीला न्यायला आले म्हणे?"

"कोण म्हणे?"

"सब्बन गाव म्हणून राह्यलं. आम्ही तुम्हाला सासरवाडीचा चहा पाजू, पण दीदी नाई देत, जा!"

आत नीलिमा मशीनवरच होती. ऑफिसचा ड्रेस बदलून, केस वर बांधून. मला बघून हसली, पण थांबली नाही. "दोनशे मीटर राहिलेत, बस," म्हणाली. बसायला खिळ्यांचं खोकं होतं. मी उभा राहिलो.

शुक्रवारी तिने सुट्टी टाकली होती. सकाळी गोदामात सराव. जोडीच्या शर्यतीत मशीन एकच असतं. एकाने ओढायचं, मग उठायचं, दुसऱ्याने बसायचं आणि पंखा फिरता आहे तोवर दांडा हातात घ्यायचा. वेळ जातो तो या अदलाबदलीत. आम्ही ठरवलं: पाचशे मीटर मी, पाचशे ती, पुन्हा मी, शेवटी ती.

मी बसलो आणि आधी बाजूची खटकी ओढून दहावर नेली. त्या खटकीने पंख्यात हवा जास्त जाते आणि दांडा जड होतो. शबानाने ती सरळ चारवर आणली.

"मर्दलोग सब दहावर ठेवते," ती म्हणाली, "अन् तिसऱ्या मिनटाला पाणी मागते."

दहा-बारा वेळा ओढल्यावर नीलिमा म्हणाली, "ओढतोस बरा. पण परत येताना धावतोस. हे बघ, ढकलायचं पायाने, जोरात. आणि पाट पुढे सरकताना सावकाश यायचं. दम तिथेच मिळतो. परत येताना सावकाश."

"शर्यत आहे की सत्संग?"

"तू आधी सावकाश ये तर खरा."

अदलाबदलीचा सराव तर तमाशा झाला. तिचा पाट थांबायच्या आत मी दांड्याला हात घालायचो. एकदा तिच्या हातून तो सुटला आणि साखळी फटाक करून आत गेली. पत्रे वाजले, बाहेरून शबानाचा नवरा धावत आला.

"जीजाजी," शबाना म्हणाली, "उतरू तर द्या तिला! सीट घ्यायला आले की दीदीला उठवायला?"

संध्याकाळी नीलिमा म्हणाली, चल, बाजारात जाऊन भाजी आणू. बाजार पाच मिनिटांवर. आम्हाला तास लागला. बचत गटाच्या बाया, पोस्टातला माणूस, कॉलेजच्या मुली, जो तो थांबवत होता. एका माडिया आजीने "जोहार" करून तिच्या पिशवीत आख्खा कोहळा टाकला आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. नीलिमाने तिच्याच भाषेत चार शब्दांत उत्तर दिलं. दोघी खूप हसल्या.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, हा जरा बसत का नाही."

नागपुरात आमच्या बिल्डिंगमध्ये अठरा वर्षं काढली. तिथे नीलिमाच्या पिशवीत कुणी लिंबूही टाकलेलं मला आठवत नाही. घरी येताना कोहळा मी उचलला. "सोमवारचं काय ठरवलंस?" हा प्रश्न तीनदा जिभेवर आणला आणि तीनदा कोहळा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं गाडीने निघालो. शबाना मागच्या सीटवर पराठ्यांचा डबा धरून. आरमोरीवरून वडसा, तिथून थोडं आत मंडईचं गाव. मंडई म्हणजे धान घरात आल्यावर भरणारी जत्रा. लेकी-जावई येतात, पाळणे लागतात आणि रात्री नाटक असतं. नाटक कंपन्या वडशातच असल्यामुळे इथल्या लोकांना स्टेजवर काय चांगलं आणि काय भिकार हे कुणी शिकवावं लागत नाही. आमची शर्यत त्याच स्टेजवर, दुपारी. तीन बाजूंनी कनात, चौथ्या बाजूला हजारभर माणसं. इनडोअर कशाला म्हणायचं हे मंडई कमिटी ठरवते.

वडशातल्या एका जिमवाल्याने दोन मशीनं आणली होती. दोन जोड्या एकदम सोडायच्या आणि सगळ्यांच्या वेळा ताडून बघायच्या. मागच्या पडद्यावर राजवाडा रंगवलेला. माइकवर एक पिकल्या मिशांचे भाऊ होते. जन्मभर शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचं, समालोचन केलेले. त्यांनी नियम सांगितला, "दोघायनंबी बसाच लागते. कवा उतराचं, कवा चढाचं, ते जोडीनं पाहाव!" मग आमच्याकडे वळले.

"आली, आली, आलापल्लीची जोडी! उजव्या अंगाले बँकेच्या बाई, डाव्या अंगाले बाईचे मालक! मालक नागपूरचे हाय, दाणापाणी नवीन हाय, सांभाळून घ्या जी!"

झेंडी पडली.

सावकाश, पायाने, चारवर. सगळं पाठ होतं. पण शेजारच्या मशीनवर ब्रह्मपुरीचे एक खेळाचे शिक्षक होते आणि त्यांच्याकडे मी नको तेव्हा बघितलं. पहिले दोनशे मीटर मी असा सुटलो की पब्लिक उभं राहिलं. तीनशेला घसा कोरडा पडला. चारशेला मांड्या परक्या झाल्या.

"अरारा!" माइक म्हणाला. "डावा बसते काय जी!"

पाचशे कसेबसे झाले. दांडा मात्र मी ती बसेपर्यंत धरून ठेवला. तो सोडायची ताकद नव्हती म्हणून असेल. ती बसली, तिने दांडा घेतला, मी बाजूला कोसळलो.

नीलिमाने पहिले चार झटके माझ्या फजितीचं देणं फेडण्यात घालवले. मग तिची लय लागली. जोरात ढकल, सावकाश परत. पंख्याचा आवाज एकसारखा यायला लागला. शिक्षकांची बायको पुढे होती, ते अंतर कमी होऊ लागलं. हजाराला पन्नास मीटर राहिले तसा मी उठून वाकलो, हात पुढे केला.

तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

मला वाटलं, तिला कळलं नाही. "झाले हजार!" मी ओरडलो. ती ओढत राहिली. माझा हात तसाच पुढे, हजार माणसांसमोर, बसचं सुट्टं मागत असल्यासारखा.

"भाऊ, उतरवा न बाईले!" पुढून एक गडी ओरडला.

"काऊन उतरवाव?" त्याच्या मागून एक बाई कडाडली. "चालली हाय तिची गाडी त चालू द्या न जी!"

दांडा माझ्या बोटांपासून वितीवर येत होता आणि जात होता. धरला असता तर मिळाला असता. विंगेतून शबाना म्हणाली, "जीजाजी. हात मागे."

मी हात मागे घेतला. नुसता मागे नाही, पाठीमागे बांधला, शाळेत बांधायचो तसा. आणि आयुष्यात पहिल्यांदा बायको काम करत असताना काही न सुचवता उभा राहिलो. तिच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता, ओठ किंचित उघडे होते आणि परत येताना तिला कसलीही घाई नव्हती. सोमवारचं उत्तर मला तिथेच, दीड हजार मीटरच्या आसपास मिळालं.

आमचा तिसरा नंबर आला. पहिल्या पाचशेत मी माणसासारखा वागलो असतो तर दुसरा आला असता, असं शबानाचं मत आहे आणि ती ते कुणालाही फुकट सांगते. बक्षीस वडशाच्या एका फर्निचरवाल्याकडून होतं, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या.

"पाहा जी!" माइकवाले भाऊ म्हणाले. "लोक एका खुर्चीसाठी पाच-पाच वर्षं पळून राह्यले, अन् यायनं बसल्या जागी दोन मिळवल्या!"

त्याच खुर्च्या मंडईत टाकून आम्ही लाखोरीच्या डाळीचे गरम वडे खाल्ले. प्लेट वीस रुपये, ठेचा मागाल तितका. शबानाने उलटा डबा घेतला बसायला.

"अजून किती वर्षं?" मी विचारलं.

"अजून दोन वर्षं मागणार आहे," नीलिमा म्हणाली. "रागावलास?"

"विचार करतोय."

"मग रागावलाच आहेस."

"घराचं काय? नागपूरचं?"

"घराला कुणी राहिलेलं लागतं. मी तिथे रात्री आठला यायचे आणि झोपायचे. तू लिहीत असायचास."

"अन् जीजाजी, तुम्ही तर लिहिताच ना?" शबाना म्हणाली. "मग आलापल्लीत लिहायला काय होते?"

"नेटवर्क नसतं."

"लिहायला नेटवर्क लागते? मी समजत होती, दिमाग लागते."

गेली पंचवीस वर्षं लोकांना निरुत्तर करण्याचे मी पैसे घेतो. दोन वर्षं मी तिला आणायची भाषा बोलत होतो. आपल्या टेबलाला काही मुळं फुटलेली नाहीत, ते उचलून कुठेही ठेवता येतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वडा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

त्या रात्री दोघी नाटकाला गेल्या. मी वडशाच्या लॉजवर जाऊन मेल्यासारखा झोपलो. रविवारी सकाळी शबानाच्या दिराचा पिकअप माल घेऊन आलापल्लीला निघाला होता, दोघी त्यात बसल्या. एक खुर्ची पिकअपच्या टपावर बांधली, दुसरी नीलिमाने माझ्या मागच्या सीटवर ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला.

"हिला तरी नीट बसव," म्हणाली.

येताना मी एकही ओव्हरटेक केला नाही. दुखऱ्या मांड्यांमुळे पाय ब्रेकवर नीट पोचत नव्हता, हेही कारण होतं.

जाणाऱ्यांसाठी: तीन रात्रींच्या तयारीने जा, हिवाळ्यातच जा, पांढरी गाडी नेऊ नका. मंडईत वडे दुपारीच खा. मशीन दिसलं तर खटकी चारवर ठेवा.

मला घरी येऊन आठ दिवस झाले. सोमवारी नीलिमाने कळवलं. मांड्या ताळ्यावर आल्या. मी दोन लेख लिहिले, दोन्ही येरझारा घालत. खुर्ची अजून गाडीतच आहे, पट्टा लावून. खालच्या मजल्यावरचे काका रोज संध्याकाळी काचेतून आत डोकावतात. काल त्यांना राहवलं नाही.

"वहिनी तर आल्या नाहीत. निदान ही खुर्ची तरी वर न्या."

"नाही नेत. हिची जोडी आलापल्लीला आहे. परवा सोडायला जातोय."

काकांनी उघड्या डिकीत बघितलं. तिथे माझा लॅपटॉप, कागदांचं खोकं आणि गुडघ्याचा पट्टा होता.

"खुर्ची सोडायला एवढं सामान? परत कधी येणार?"

"परत येताना," मी म्हटलं, "सावकाश यायचं असतं, काका."