न गेलेला अर्ज

बी.एस्सी.ला आम्ही दोघीच मुली होतो. दुसरीचं लग्न दुसऱ्या वर्षी झालं आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकटी उरले. साठीच्या दशकाचा तो शेवट. बालाघाटच्या आमच्या कॉलेजात पुढचं शिक्षण नव्हतं. एम.एस्सी. करायचं तर जबलपूर, नाहीतर नागपूर. मला नागपूर हवं होतं.

आमचे सर फार छान शिकवायचे. सिल्व्हर नायट्रेटनं माझी बोटं काळी पडली की आई चिंचेनं घासत बसायची. सर मात्र तीच बोटं वर्गाला दाखवून म्हणायचे, "केमिस्टचे हात असे असतात." त्या वाक्यावर मी सहा महिने काढले. निकाल लागल्यावर ते म्हणाले, "अर्ज माझ्याकडे दे. शिफारस जोडून मीच पाठवतो." मी अर्ज, गुणपत्रिका, फोटो सगळं एका लिफाफ्यात घालून त्यांच्या हातात ठेवलं आणि पाया पडले.

नागपूरहून उत्तर आलं नाही. पोस्टमन गल्लीत वळला की मी दारात. ऑगस्ट गेला, दसराही गेला. आपलं झालं नाही असं धरून मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात एक पुस्तक मागायला कॉलेजात गेले. प्रयोगशाळेच्या कपाटाला वाळवी लागली होती. तिथले शिपाईकाका कागद जमिनीवर पसरून झटकत होते. मला पाहून म्हणाले, "पोरी, हे तुयंच दिसते. पाह्य बरं."

लिफाफ्यावर अक्षर माझं होतं, आत माझाच अर्ज. फोटोचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. शिफारशीची जागा कोरी. सर विसरले असतील, कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल, अशी त्यांच्याच बाजूची कारणं जुळवत मी त्यांच्या खोलीत गेले.

सरांनी लिफाफा पाहिला, चष्मा पुसला.

"विसरलो नाही. मीच ठेवून घेतला. जागा मोजक्या असतात, बेटी. तू दोन वर्षांत लग्न करून जाशील. त्याच जागेवर एखाद्या मुलाचं घर उभं राहतं. तुझ्या भल्याचंच केलं. बस, चहा घे."

आवाज नेहमीचाच, मायेचा. हादरले ती त्या आवाजानं. ते ओरडले असते तर मला रडता तरी आलं असतं. मी तो चहा पूर्ण प्यायले आणि कप विसळून जागेवर ठेवला. याची लाज मला अजून वाटते.

बाबा लाकूड डेपोत ओंडके मोजायचे. शिक्षण सातवीपर्यंत. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरूच होतं, त्यामुळे ते सरांचीच बाजू घेतील असं वाटलं होतं. त्यांनी लिफाफा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग सदरा चढवला आणि म्हणाले, "चाल."

सरांच्या घरी ते बसले नाहीत. उभ्यानंच विचारलं, "सर, तुमी मले इचारलं काहून नाही?"

"अहो, तुमच्या मुलीचं हितच पाहिलं."

"हौ. पण पोरगी माही हाय. नाही म्हणाचं असतं तं म्या म्हटलं असतं." मग हळू आवाजात, "अन् म्या नसतं म्हटलं."

मी बाबांकडे पाहतच राहिले. हे ते मला कधीच म्हणाले नव्हते.

नवा अर्ज बाबांनी पोस्टात टाकला नाही. नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीनं आम्ही गोंदियाला गेलो, तिथून नागपूर. अर्जाची थैली वाटभर त्यांच्या मांडीवर होती. विद्यापीठाच्या खिडकीवर त्यांनी पोच मागून घेतली आणि कारकुनाकडून ती मोठ्यानं वाचून घेतली. वर्षभर उशिरा का होईना, प्रवेश मिळाला. पुढे मँगनीजच्या एका खाणीत मी केमिस्ट म्हणून लागले. तिथल्या प्रयोगशाळेत माझ्याआधी बाई कधी नव्हती.

काही वर्षांनी बालाघाट स्टेशनवर सर भेटले. खूप थकले होते. सोबतच्या गृहस्थांना अभिमानानं म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. हिला नागपूरला मीच पाठवलं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात थट्टा नव्हती, लबाडीही नव्हती. त्यांना खरोखर तसंच आठवत होतं. गाडी लागली, तशी मी त्यांची पिशवी डब्यात चढवून दिली. गाडी पुलापलीकडे गेल्यावर मला सुचलं, निदान बाबांचं नाव तरी घ्यायला हवं होतं.